फुटलेल्या ब्रेक पाइपचा जाब कोणी द्यावा?

(नागपूर येथे मोटार कामगार व पक्षकार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्त्यावरील अपघाताची बातमी वाचताना ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे तीन शब्द आपल्या डोळ्यांच्या इतके सरावाचे झाले आहेत की, त्यांपाशी आपण थांबतच नाही. वीज पडावी किंवा नदीला पूर यावा, तसे ब्रेक निकामी होतात असा काहीसा समज त्यांच्यामागे असतो. बातमीदार ते शब्द लिहितो, पोलिसांच्या पंचनाम्यात त्यांची नोंद होते, मालक हळहळ व्यक्त करतो आणि चालक कोठडीत जातो. नळी कोणती फुटली, ती किती वर्षांची होती, तिच्यावर शेवटची नजर कोणी आणि केव्हा टाकली होती, हे विचारण्याची रीत आपल्याकडे पडलेली नाही. आज मला नेमके हेच प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचे आहेत. विषय वरवर पाहता यंत्राचा आहे; परंतु यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसांचे परस्परसंबंध तपासल्याखेरीज तो उलगडत नाही.

हा विषय नागपुरात मांडण्यासही कारण आहे. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे महामार्ग या शहरापाशी एकमेकांना छेदतात. अमरावती मार्गावरील वाडी ही ट्रक-वाहतुकीची पेठच आहे. उमरेड-सावनेरकडील कोळसा, कोराडी-खापरखेड्याची राख, कन्हानची वाळू, कळमना बाजारातील धान्य आणि संत्री हे सारे चाकांवर फिरते; आणि त्यातील बराच भार जुनी, दोनतीन मालकांच्या हाताखालून गेलेली वाहने वाहतात. एस.टी. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी हिंगण्याची कार्यशाळा आपल्याच दाराशी आहे. तेव्हा ब्रेकच्या नळीचा प्रश्न हा या गावाच्या रोजच्या भाकरीशी निगडित असा प्रश्न आहे.

नळी कशी मरते

प्रथम यंत्राची गोष्ट पाहू. चालकाच्या पायाचा दाब चाकापर्यंत नेण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. मोटारी, जीप, छोटे टेम्पो यांत तो तेलामार्फत जातो. मोठ्या ट्रक-बसमध्ये दाबलेली हवा ते काम करते. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम म्हणजे तेलाच्या ब्रेकचा पाया होय. ‘बंद भांड्यातील’ हा शब्द मात्र विसरून चालणार नाही. त्या भांड्याला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले की दाब निसटतो, आणि जुन्या एकेरी रचनेच्या गाडीत चारही चाके एकाच क्षणी मोकळी होतात. म्हणूनच अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ब्रेकची दुहेरी रचना सक्तीची झाली. एक बाजू गेली तरी दुसरी काही अंशी तरी गाडी धरून ठेवते.

चॅसिसच्या कडेने जाणारी नळी पोलादाची असते. चाक वरखाली होते आणि वळते, म्हणून शेवटचा तुकडा लवचिक असावा लागतो. तोच आपला रबरी होज पाइप. या दोहोंचे मरण वेगवेगळे असते. पोलादी नळी बाहेरून गंजते, आणि गंजते ती नेमकी जेथे दिसत नाही तेथे: पट्टीखाली, कोपऱ्यात, पावसाळ्यातला चिखल साचून महिनोन्‌महिने ओला राहतो तेथे. रबरी होज उन्हाने आणि वयाने कडक होतो, त्याला बारीक चिरा पडतात, वळताना टायरला घासून तो झिजतो. ४५ अंशांच्या पुढे जाणारा विदर्भाचा उन्हाळा रबराचे वय झपाट्याने खातो, हे फिटरला सांगावे लागत नाही. कधी होज बाहेरून धडधाकट दिसतो, परंतु आतून फुगून त्याची वाट बुजलेली असते. मग पायाच्या जोराने तेल चाकाकडे जाते, पण परत येत नाही. ब्रेक धरलेलाच राहतो, ड्रम तापतो, लायनर जळतो, आणि मेस्त्री मात्र चूक चाकात शोधत बसतो.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते सहसा खनिज तेल नसते. हवेतील ओलावा शोषून घेणारे ते एक रसायन आहे. डॉट-३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलासाठी हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. सपाटीवर हा फरक कळतही नाही. परंतु जबलपूरकडे जाताना कुरईचा घाट किंवा परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट उतरताना ड्रम तापला की त्या ओल्या ऑइलाची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल तळाला टेकते. शिवाय तोच ओलावा नळीला आतून गंज लावतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे असे सांगितले जाते. किती जुन्या टेम्पोंचे ऑइल दोन वर्षांनी बदलले जाते, याचे उत्तर आपण सर्व जाणता. कमी झाले की वरून ओतायचे, हीच आपली देखभाल.

हवेच्या ब्रेकची कथा निराळी, पण तात्पर्य तेच. कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. हवेतील पाणी टाकीत साचते. ते रोज सोडून द्यावे लागते. जुना कॉम्प्रेसर हवेबरोबर तेलही फेकतो आणि ते तेल रबराला आतून कुजवते. सायलेन्सरजवळून नेलेली नायलॉनची नळी उष्णतेने मऊ पडते. गळती बारीक असेल तर इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर ती भरून काढतो आणि दोष झाकला जातो; रात्री उभ्या केलेल्या गाडीचा काटा सकाळी शून्यावर आलेला दिसतो, तेव्हाच तो बोलू लागतो.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण एकच. ब्रेकची नळी बहुधा ‘अचानक’ जात नाही. टायरच्या आतल्या बाजूस ओला डाग पडतो, पॅडल दिवसेंदिवस खाली जाते, ऑइल पुन्हापुन्हा भरावे लागते, हवेचा फुसकारा ऐकू येतो. हे सर्व कोणाला तरी दिसते, आणि बहुतेक वेळा ते चालकाला, क्लीनरला किंवा गॅरेजमधल्या पोऱ्याला दिसते. ज्याला दिसते त्याच्या शब्दाला किंमत किती, हा खरा प्रश्न आहे. चालक सांगतो, ब्रेक बरोबर लागत नाहीत. उत्तर मिळते, एवढी फेरी मारून ये, मग बघू. वाटेत एका चाकाची नळी गळू लागली तर ती नळी दुमडून, ठोकून बंद करावयाची आणि उरलेल्या चाकांवर गाडी न्यावयाची, हा ढाब्याढाब्यावरचा परिचित ‘इलाज’ आहे. तो करणाऱ्या हाताला धोका ठाऊक असतो. परंतु माल वेळेवर न पोहोचल्यास भाडे कापले जाईल, हेही त्याला ठाऊक असते.

न्यायालयांनी काय सांगितले

ब्रेक पाइपच्या गंजावर एक महत्त्वाचा निकाल इंग्लंडमध्ये झालेला आहे. हेंडरसन विरुद्ध हेन्री ई. जेंकिन्स या खटल्यात एका मालट्रकचे ब्रेक उतारावर लागले नाहीत आणि एक माणूस चिरडला गेला. ट्रक पाच वर्षांचा होता आणि किमान दीड लाख मैल धावलेला होता. ब्रेकची पोलादी नळी गंजून फुटली होती. आणि गंज होता तो भाग नळी पूर्ण उतरवून काढल्याखेरीज दिसण्याजोगा नव्हता. मालक म्हणाले, दिसणारा भाग आम्ही वेळोवेळी पाहिला होता, दोष लपलेला होता, आमचा इलाज नव्हता. १९६९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने हा बचाव अपुरा ठरवला. नळी पाहिली एवढे म्हणणे पुरेसे नाही. ही गाडी कोणत्या कामासाठी वापरली गेली, तिला असा गंज लागण्याजोगे तिच्या आयुष्यात काही घडले होते काय, याचा हिशेब मालकाने दिला पाहिजे, कारण ती माहिती त्याच्याचपाशी असते, असे बहुमताने सांगितले गेले.

हे तत्त्व सातासमुद्रापलीकडे राहिलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या मिनू बी. मेहता विरुद्ध बाळकृष्ण रामचंद्र नयन या अपिलात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७७ मध्ये याच इंग्रजी निकालाचा आधार घेतला. यांत्रिक दोषाची सबब सांगणाऱ्या मालकाने दोन गोष्टी सिद्ध केल्या पाहिजेत: दोष खरोखरच लपलेला होता, आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडण्याजोगा नव्हता. सिद्ध करण्याचा भार मालकावर, मृताच्या विधवेवर नव्हे. त्याच निकालात निष्काळजीपणा सिद्ध झाल्याविना भरपाई नाही, असेही म्हटले होते; ती उणीव संसदेने १९८२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून काही अंशी भरून काढली.

१९८८ चा मोटार वाहन कायदाही याच दिशेने बोलतो. वाहन चालकाच्या पूर्ण ताब्यात राहील अशी त्याची बांधणी ‘आणि देखभाल’ असली पाहिजे, असे १०९ वे कलम सांगते. १९० वे कलम सदोष वाहन चालवणाऱ्याइतकेच ते चालवावयास लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही गुन्हेगार मानते. साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोषही त्यात येतो. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात मालक आहे. प्रत्यक्षात पहिल्या रात्री कोठडीत असतो तो चालकच. भारतीय न्याय संहितेच्या १०६ (२) कलमातील दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरातील ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि केंद्र सरकारला ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. त्या कलमाचा विषय अपघातानंतर न कळवता पळून जाण्याचा होता, हे खरे. परंतु त्या संतापाच्या मुळाशी ही जुनी विषमता होती. शिक्षेचे कायदे चालकाच्या नावे कडक होत जातात, आणि देखभालीचा कायदा मात्र फायलीत झोपून राहतो.

वय गाडीचे की नळीचे?

मग सरकारचा उपाय काय? ऑगस्ट २०२१ मध्ये वाहने भंगारात काढण्याचे धोरण जाहीर झाले. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील वाहनांच्या पासिंगचे शुल्क अनेक पटींनी वाढले. अवजड वाहनांसाठी ते साडेबारा हजार रुपयांवर गेले. १ एप्रिल २०२३ पासून सरकार आणि परिवहन महामंडळे यांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणीच संपुष्टात आली. धूर आणि इंधन यांच्या दृष्टीने यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ब्रेकच्या नळीपुरते बोलावयाचे तर १५ हा आकडा काहीच सांगत नाही. जेंकिन्सचा ट्रक पाच वर्षांचाच होता. उन्हात आणि राखेत राबणाऱ्या टिपरचा होज पाचसहा वर्षांत निकामी होऊ शकतो. आणि नळ्या वेळच्या वेळी बदललेली जुनी बस निर्धोक धावू शकते. नळीचे वय मोजावयाचे सोडून आपण नोंदणीपुस्तकाचे वय मोजत आहोत.

वार्षिक पासिंगची गोष्टही अशीच आहे. आठ वर्षांवरील व्यापारी वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पासिंगच्या आदल्या दिवशी गाडी धुतली जाते, रंगवली जाते, दिवे लागतात, प्रसंगी चांगले टायर त्या दिवसापुरते चढवले जातात, आणि एजंट बाकीचे पाहतो. स्वयंचलित चाचणी केंद्रे आली तर निरीक्षकाच्या मर्जीचा भाग कमी होईल, हे चांगलेच आहे. परंतु रोलरवरची चाचणी आज किती ब्रेक लागतो एवढेच मोजते. पट्टीखाली गंजत चाललेली नळी त्या दिवशी दाब सहन करते आणि चार महिन्यांनी घाटात फुटते.

अमेरिकेतही हाच पेच पडला होता. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ दरम्यानच्या सुमारे ५० लाख पिकअप व तत्सम गाड्यांच्या ब्रेक नळ्या गंजतात, अशा तक्रारी झाल्या. रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाचा तो परिणाम होता. तेथील सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०१५ मध्ये चौकशी बंद केली. हा उत्पादनाचा दोष नव्हे, वयोमानाची झीज आहे, मालकांनी गाडीचा तळ धुवावा आणि नळ्या तपासून घ्याव्यात, असा सल्ला दिला. कारखानदार सुटला आणि जबाबदारी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे सरकली. जुनी गाडी घेतो तो बहुधा नवी घेऊ न शकणारा असतो. म्हणजे धोका नेहमी खालच्या पायरीवर उतरतो.

सार्वजनिक आणि कंत्राटी

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. विदर्भात त्या काळी मध्यप्रांताची वेगळी सरकारी प्रवासी सेवा होती. ती पुढे महामंडळात आली. या सार्वजनिक सेवेचे खरे बळ बसच्या लाल रंगात नव्हते, आगारात होते. प्रत्येक आगाराला कार्यशाळा, ठरलेल्या मुदतीची तपासणी, चालकाने आणलेल्या तक्रारीची नोंद आणि वर मध्यवर्ती कार्यशाळा, ही ती साखळी होती. एका ट्रकच्या मालकाला जे परवडत नाही ते हजारो गाड्यांची संस्था करू शकते, हा सार्वजनिक मालकीचा साधा व्यावहारिक लाभ आहे. परंतु सुटे भाग वेळेवर न मिळणे, मेस्त्री निवृत्त झाल्यावर त्याची जागा रिकामी राहणे, एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावणे, या रोगांनी ती साखळी आतून गंजते. आणि गंज, आपण पाहिलेच, बाहेरून दिसत नाही.

दुसरीकडे शहरांच्या बससेवा भाडेकराराने कंत्राटदारांकडे जात आहेत. मालक एक, चालकाची नेमणूक करणारा दुसरा, देखभाल करणारा तिसरा, पाटी मात्र पालिकेची. अपघात झाला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आपल्या बाजूचे सत्य

आता एक अप्रिय गोष्ट. कामगार चळवळीतील आपण, चालकाने ‘ब्रेक फेल’ म्हटले की ते लगेच उचलून धरतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या ट्रकने अनेक वाहने चिरडली. आरंभी ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. तपासणीत ब्रेक ठीक आढळले आणि उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी सांगितले. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना टाकीतली हवा खर्च होते आणि भरत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेकराराच्या विजेवरील बसने लोकांना चिरडले, तेव्हाही प्रथम ब्रेकचेच नाव घेतले गेले. परिवहन विभागाच्या तपासणीत ब्रेक चालू होते, आणि प्रश्न उभा राहिला तो चालकाला मिळालेल्या अपुऱ्या प्रशिक्षणाचा.

या दोन उदाहरणांवरून काहीजण म्हणतील की चालकच दोषी. मी तसे म्हणत नाही. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन कोण बंद करावयास लावते, आणि पुरेशा शिक्षणाविना नव्या प्रकारची बस कोण हाती देते, हे प्रश्न उरतातच. परंतु ‘ब्रेक फेल’ ही ढाल आपण तपासल्याविना उचलली, तर ज्या दिवशी नळी खरोखर फुटलेली असेल त्या दिवशी आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. खोट्या सबबीने खऱ्या तक्रारीचा बळी जातो. सत्य शोधण्यात कामगाराचे हित आहे, हे आपण मनाशी पक्के धरले पाहिजे.

काय मागावे, काय करावे

म्हणून काही ठोस गोष्टी सुचवतो. पहिली मागणी, प्रत्येक व्यापारी वाहनाच्या ब्रेक नळ्या, होज आणि ऑइल बदलल्याच्या तारखांची नोंद वाहनाबरोबर असावी आणि पासिंगच्या वेळी ती पाहिली जावी. मुदत संपलेला होज गळत नसला तरी बदलावा. दुसरी, चालकाने लिहून दिलेल्या दोषाची पोच त्याला मिळावी, आणि ब्रेकचा दोष लेखी कळवल्यावर गाडी नेण्यास नकार देणाऱ्यावर कारवाई होता कामा नये. तिसरी, प्राणघातक अपघातानंतर फुटलेली नळी पुरावा म्हणून जपली जावी आणि तपासणीचा अहवाल मृतांच्या वारसांना व चालकाला मिळावा. अपघातांच्या कारणांचा सखोल अभ्यास करण्याच्या योजना राज्य सरकारने आखाव्यात, अशी तरतूद कायद्याच्या १३५ व्या कलमात आहेच. ती कागदावरून खाली उतरवावी. चौथी, आगार आणि कार्यशाळांतील रिकाम्या जागा भराव्यात, आणि बससेवेच्या प्रत्येक करारात देखभालीचा जाब पालिकेकडेच ठेवावा. पाचवी, एक-दोन गाड्यांच्या मालकांसाठी सहकारी गॅरेज आणि मानकाप्रमाणे बनलेल्या सुट्या भागांचे सहकारी दुकान उभे राहावे. तो मालक अनेकदा स्वतःच चालक असतो आणि बँकेच्या हप्त्याखाली दबलेला असतो. त्याला केवळ दंडाने सुधारता येणार नाही. नकली होज स्वस्त मिळतो तोवर तो तोच घेणार.

मागण्यांबरोबर आपले कामही आहे. वाडीतील, हिंगणा मार्गावरील, कामठी मार्गावरील गॅरेजांमधून महिन्यातला एक रविवार तपासणीसाठी द्यावा, असे मी येथील कार्यकर्त्यांना सुचवतो. एक टॉर्च, एक आरसा, एक फडके आणि एक वही एवढे साहित्य त्याला पुरते. फडक्याने नळी पुसावी, पट्टी सैल करून खाली पाहावे, होज वाकवून चिरा पाहाव्यात, इंजिन बंद करून हवेचा काटा किती वेगाने उतरतो ते पाहावे आणि सापडलेले गाडीवार लिहून ठेवावे. सहा महिन्यांत आपल्यापाशी नागपूरच्या जुन्या गाड्यांची अशी नोंद असेल की जी आज कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही. ती घेऊन परिवहन कार्यालयाच्या आणि पालिकेच्या दारात उभे राहिलो, तर आपले म्हणणे केवळ घोषणा आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.

रस्त्यावर मरणारा बहुधा पायी चालणारा, सायकलवरचा, दुचाकीवरचा असतो. आणि कोठडीत जाणारा बहुधा पगारी चालक असतो. दोघेही आपल्याच घरांतले. त्या दोघांच्या मधोमध एक नळी आहे, आणि वेळेवर बदलली असती तर तिला फारसा खर्च आला नसता. तो खर्च कोणी वाचवला, एवढे विचारण्याची सवय आपण समाजाला लावली, तरी या अभ्यासवर्गाचे चीज झाले असे मी समजेन.